ना डावी, ना उजवी

त्यांनी आधी माझे पाय पाहिले. चेहऱ्याकडे लक्ष गेलं ते दोन-तीन दिवसांनी, तेही मी चहाचा कप समोर धरला म्हणून.

वडील आणि मी राजापूरहून एसटीनं आलो होतो. फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत मला नोकरी लागली होती. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. मुंबईत आमचं जवळचं असं कुणी नव्हतं. गावातल्या एकानं लालबागच्या चाळीतल्या एका जोडप्याचा पत्ता दिला होता. त्यांची मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली, तेव्हा तिची खाट रिकामी आहे, एखादी चांगली मुलगी असेल तर ठेवून घेतील, असं तो म्हणाला होता.

दार काकूंनी उघडलं. "या, बसा," म्हणाल्या. त्यांच्या मागून लेंगा-गंजीतले एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. नजर जमिनीवर. वडिलांना वाटलं, माणूस लाजाळू दिसतोय. तेवढ्यात ते मला म्हणाले, "चालून दाखव."

वडील एकदम ताठ झाले. "अहो, आम्ही खोलीसाठी आलोय. दाखवायला नाही आणलेली."

"खोलीसाठीच सांगतोय. गॅलरीच्या त्या टोकाला जाऊन ये."

मी गेले आणि आले. दोन बिऱ्हाडांतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. कुणालाच यात नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

"टाच बाहेरच्या अंगानं झिजवते," ते म्हणाले. "डावी जास्त."

वडिलांना हा काहीतरी शकुनाचा प्रकार वाटला. ते घाईघाईनं म्हणाले, "पायगुण फार चांगला आहे हो तिचा. ती जन्मली आणि मी नोकरीत कायम झालो."

"गुण नंतर बघू. आधी पाय बघू दे."

काकू आतून ओरडल्या, "तेंच्याकडे लक्ष देव नकात! गो, तू आत ये, चाय घे."

अशी मला मुंबईत जागा मिळाली. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. मला ते 'बीए' म्हणत. "अगो बीए, डबा विसरलीस." "बीए, आज लवकर कशी?" पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतात. पण चाळीत कुणी नवीन आलं की मुद्दाम मला हाक मारून सांगत, "ही आमची बीए." तेव्हा त्यांच्या आवाजात जे असे ते मी माझ्या वडिलांच्याही आवाजात ऐकलं नव्हतं. वडिलांना पदवी म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. पण घरात ती आहे याचा त्यांना आनंद होता.

काका गिरणीत डिझाईन खात्यात होते. साडीची किनार काढणं हे त्यांचं काम. बारीक चौकटींच्या कागदावर ते नक्षी काढत. एक चौकट म्हणजे एक धागा. कागदावरून पुठ्ठ्याला भोकं पडत, पुठ्ठे मागावर चढत आणि काकांनी रंगवलेलं एक रुईफूल साडीभर, मग साड्यांच्या गठ्ठ्याभर, मग महाराष्ट्रभर उमलत जाई. ते नेहमी सांगत, "बाईमाणसाचं मी आयुष्यभर घोट्यापासून वर चार बोटं एवढंच बघितलंय."

"ह्या जगाक सांगत फिरा," काकू म्हणत. "लोक काय समजतले?"

मग संप झाला. मी आले तेव्हा त्याला वर्ष उलटून गेलं होतं. सुरुवातीला काका सभांना जात, मोर्चात चालत. हळूहळू सभा कमी झाल्या आणि ते गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. समोरून बायका नळावर जात, येत. त्यांच्या अंगावर कधी कधी काकांनीच काढलेल्या किनारी असत. त्या बघता बघता त्यांची नजर चार बोटं खाली घसरली. तिथे सगळ्यांच्या पायात एकच गोष्ट, निळ्या पट्ट्याची रबरी स्लिपर.

"वर माझं रुईफूल," ते मला सांगत, "आणि खाली ते! मला असं वाटलं बीए, की मी जन्मभर चौकट रंगवली आणि चित्रच काढायचं राहिलं."

त्या दिवसापासून ते चपला करायला लागले. साध्या नव्हेत. दोन हजार सालच्या.

त्या काळी दोन हजार साल फार लांब होतं. तेव्हा माणसं चंद्रावर राहतील, गोळ्या खाऊन जगतील असं लोक बोलत. काकांना चंद्राशी देणंघेणं नव्हतं. दोन हजार सालची बाई ट्रेन पकडेल, ऑफिसात जाईल, येताना भाजी आणेल आणि हे सगळं करताना देखणी दिसेल, एवढंच त्यांना दिसत होतं. आता वाटतं, दोन हजार सालाबद्दल इतकं बरोबर बोललेला दुसरा माणूस मला भेटला नाही.

चपलांचं सामान ते भंगारवाल्याकडून आणत. तळाला गिरणीतल्या यंत्रांचा जाड रबरी पट्टा, तो ओल्या फरशीवरही घसरत नसे. वर मागावरच्या जुन्या चामड्याच्या पट्ट्या, त्यांना चंदेरी रंग. अंगठ्याला पकडणारा खुंट नाही. बोटांवरून एक रुंद पट्टा गेलेला, मागे घोट्याला दुसरा, आणि टाचेखाली पारदर्शक प्लास्टिकचा ठोकळा. त्यामुळे लांबून बघितलं की टाच हवेत उभी आहे असं वाटे. ठोकळ्याच्या आत त्यांनी रंगीत सुताचे धागे घातलेले असत. उन्हात ते चमकत. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या तोंडून "अगंबाई!" एवढंच निघालं. काका म्हणाले, "बास. हेच पायजे होतं."

आणि त्या चपलांना डावी-उजवी नव्हती. दोन्ही अगदी सारख्या, सरळ, मधोमध. कुठलीही कुठल्याही पायात घालावी.

यावर त्यांचं भाषण तयार होतं. "बाहेरच्या अंगानं टाच झिजते ना? मग रोज पाय बदल. आज ही डाव्यात, उद्या उजव्यात. दोन्ही सारख्या झिजतील. दोन हजार साली कुणी डावं-उजवं करणार नाही. कशातच नाही."

जोड द्यायचे तोही तीन चपलांचा. देवळाबाहेरून एक चप्पल गेली किंवा एकीचा पट्टा तुटला तर दुसरी बिनकामाची का व्हावी, म्हणून एक जादा. शेजारणी हसत. "काका, तिसरी कुठल्या पायात घालू?" एकदा हुतात्मा चौकात माझा पट्टा तुटला, तेव्हा मी पर्समधून शांतपणे तिसरी चप्पल काढली आणि घातली. रस्त्यावरचा एक शेंगदाणेवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी घरी येऊन हे सांगितलं, तर काकांनी काकूंना हाक मारून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यांचा आणखी एक सिद्धांत होता, तो त्यांनी हळदीकुंकवाच्या दिवशी मांडला. संक्रांतीनंतर आमच्या खोलीत चाळभरच्या बायका जमल्या होत्या. आत गजरे, पैठण्या, वाण. पुरुषांना बाहेर काढलेलं. काका गॅलरीत चपलांच्या ढिगासमोर उभे होते. मी ताट घेऊन बाहेर आले तर म्हणाले, "बघ. सगळी मिरवणूक आत आणि चपला बाहेर. आपल्या बायकांची फॅशन उंबऱ्यापाशी थांबते. साहेबाच्या देशात बूट घालून दिवाणखान्यात जातात, म्हणून तिकडे बूट सुधारले. इकडे चप्पल कुणी बघतच नाही, तर सुधारणार कशी?"

"मग काय, चपला घालून आत यायचं?"

"छे छे! काकू मला मारेल. उपाय दुसरा पायजे. रस्त्यावर दिसली पायजे. आणि रस्त्यावर साडी आड येते."

साडी आड येते, हे खरं होतं. त्या दिवसांत नीट नेसलेली साडी म्हणजे टाच झाकणारी साडी. मी ऑफिसला त्या चंदेरी चपला घालून जाऊ लागले तेव्हा काही दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एकदा जिना चढताना मागून येणाऱ्या टायपिस्ट बाईंनी मला थांबवलं. "थांब, थांब, साडी वर कर जरा. ही टाच कुठाय तुझी?" मी वर केली. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सगळ्या सेक्शनमधल्या बायका माझ्या टेबलाभोवती उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी साडी तीन-चार बोटं वर नेसायला लागले. खोटं का सांगू, मलाही मिरवायचं होतं. गावात असताना मिरवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

टायपिस्ट बाईंनी जोड मागितला, त्यांच्या नणंदेनं मागितला. आमच्या चाळीत दोघीतिघींनी घेतले, समोरच्या चाळीत काहीजणींनी. आणि मग एक गंमत झाली. आमच्या मजल्यावर फॉल-पिको करणाऱ्या वहिनी होत्या. त्या एक दिवस तावातावानं आल्या. "काका, काय लावलंय तुम्ही? कोपऱ्यावरची जोशीण तिची साडी परत घेऊन आली. म्हणते फॉल काढा, साडी वर घ्यायचीय, फॉलची कड टाचेवर घासून चप्पल झाकते. अशा तीन झाल्या या आठवड्यात. आणि तिची सासू मला बोलते, म्हणते तूच शिकवलंस!"

काका खुर्चीतून उठले. "म्हणजे साड्या वर चालल्या?"

"वर म्हणजे? घोटे दिसतात!"

"बीए," काका हळूच म्हणाले, "ऐकलंस ना? किनार वर गेली." गिरणीत त्यांनी इतकी वर्षं किनारी काढल्या, पण साडीची किनार कुठे थांबावी हे कधी त्यांच्या हातात नव्हतं. ते आता झालं होतं, निदान आमच्या दोन-चार चाळींपुरतं. वहिनींना त्यांनी चहा पाजून शांत केलं. जाताना वहिनी दारात थांबल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "माझ्या मापाची आहे का एखादी?"

बऱ्याच वर्षांनी, खरोखरचं दोन हजार साल लागलं, तेव्हा मी लग्न होऊन माटुंग्याला राहत होते. मी सकाळी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, आलं की तुमचं साल!"

"आलं ना. आत्ताच गॅलरीतून बघून आलो. बायका अजून डावं-उजवंच घालतायत." मग म्हणाले, "असू दे. तीन हजारापर्यंत थांबू."

मला त्यांची आठवण येते ती अशी, कुठलीही आधी, कुठलीही नंतर. पण एक आठवडा मात्र मला क्रमानं आठवतो.

संप तसा कुणी मागे घेतला नाही. तो हळूहळू विरत गेला. काही गिरण्यांचे भोंगे परत वाजायला लागले. काकांच्या गिरणीनंही काही खाती सुरू केली, त्यात डिझाईन खातं नव्हतं. ज्याला यायचं असेल त्यानं येत्या सोमवारी सकाळी गेटवर हजर व्हावं, सही करावी, बदली म्हणून काम मिळेल, असा निरोप आला. बदली म्हणजे कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी, मिळेल त्या खात्यात, मिळेल तो दिवस. किनारी काढणाऱ्या माणसानं सुताच्या टोपल्या ओढायच्या.

काकू खानावळ चालवत होत्या. संप सुरू झाल्यावर त्यांनीच ती सुरू केली होती. सकाळ-संध्याकाळ गिरणगावातली, कोकणातली, एकटी राहणारी माणसं जेवायला येत. स्टोव्हसमोर उभं राहून काकूंच्या पोटऱ्या संध्याकाळी लाकडासारख्या होत. तरी पहिलं गरम ताट माझं असे. "ऑफिसातून इली, भुकेली असतली." मी पैसे देणारी भाडेकरू होते, पण त्या घरानं मला कधी तसं वागवलं नाही. माझ्या वाढण्यात त्या माऊलीच्या हाताच्या सोलकढीचा वाटा पदवीइतकाच आहे.

गुरुवारी संध्याकाळी काकूंनी काकांसमोर स्पष्ट सांगितलं. "माका आता एकटीक जमणा नाय. तुमच्या चपला शेजारणी घेतत, हसत हसत घेतत, तेच्यान घर चालणा नाय. सोमवारच्या आत एखाद्या दुकानाच्या काचेत तुमची चप्पल दाखवा. मगे मी काय एक बोलूचंय नाय. नायतर गेटवर जावा."

"कुठल्याही दुकानाच्या?"

"खंयच्याय. पण काचेत."

शनिवारी अर्ध्या दिवसानं मी घरी आले तेव्हा काका इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. दादरला बाजारातल्या एका मोठ्या चपलांच्या दुकानात जायचं होतं. मी चपला घालून चालून दाखवायच्या आणि गरज पडली तर इंग्रजी बोलायचं, असं माझं काम ठरलं होतं.

इंग्रजीची गरज पडली नाही. शेठनं चपला हातात घेतल्या, उलट्या केल्या, ठोकळा उजेडात धरला. "मास्तर, माल एकदम फॉरेन वाटतो."

"फॉरेन नाही. पुढच्या काळातला."

"जे काय असेल ते. मला आवडला. आता सांगा, यातली डावी कुठली?"

"डावी नाही."

"बरं, मग उजवी?"

"तीही नाही."

शेठनं माझ्याकडे बघितलं. "ताई, मग गिऱ्हाईक पाय कशात घालणार?"

"कशातही," काका म्हणाले.

मी दुकानभर चालून दाखवलं. चपला बदलून पुन्हा चालले. आरशापुढे बसलेल्या दोघी उठून बघायला आल्या. शेठ हुशार माणूस, त्यानं त्यांच्या नजरा बघितल्या. त्यानं काकांना बसायला स्टूल दिलं आणि चांगल्या आवाजात म्हणाला, "हे बघा मास्तर. दुकानात बाई चप्पल घालते आणि आरशात बघते. दोन्ही पाय सारखे दिसले की तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मग ती विचारणार, माझा पोरगा समजावणार, निम्मा दिवस त्यातच जाणार. आतल्या अंगानं थोडा बाक द्या, लेफ्ट-राइट करा. बस्स. दिवाळीला समोरच्या काचेत लावतो. अगदी मधोमध."

मला वाटलं, झालं. काच मिळाली. मी काकांकडे पाहिलं. ते चपला पिशवीत भरत होते.

"डावं-उजवं मी करत नाही," ते म्हणाले.

आम्ही पायीच परत निघालो. हिंदमाता सिनेमापर्यंत ते पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, "माझा सख्खा मित्र, एका ताटात जेवायचो. संपात तो गेटच्या आत कामावर गेला, मी बाहेर राहिलो. आता जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघतो. मी पण बघतो. सगळ्या गिरणगावाचं तसं झालंय, बीए. हा आतला, तो बाहेरला. मी निदान चपलेत तरी ते करणार नाही."

मला ते पटत होतं. पण सोमवार डोळ्यांपुढे येत होता, आणि काकूंच्या पोटऱ्या.

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. स्टोव्ह बारीक केला. "म्हणजे काच मिळत होती आणि तुमी नको म्हणालात."

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"कसला तत्त्व?" काकू माझ्याकडे वळल्या. "गो, तुका सांगतंय काय झाल्ला ता. पयलो जोड केल्यानी तेव्हा ह्येनी कागदावर एक पाय काढल्यानी आणि दुसरोय तसोच काढल्यानी. किनार काढूची सवय! तकडे एकच फूल सगळीकडे चालता. उलटा करूक इसारले. दोन्ही डावे झाले, दोन्ही! मी घातलंय आणि दारातच आपाटलंय. तेच्यानंतर ह्यांचा 'डावं-उजवं नाही' सुरू झाला. चूक होती ती, तत्त्व खंयचा!"

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. काका भिंतीला टेकून बसले होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "चूकच होती. पण मागावर असं असतं. चूक एकदा आली तर ती चूक. कापडाच्या दर वारात तशीच आली, की नक्षी."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत मला थकवा दिसला आणि थकव्याच्या मागे थोडं हसू. "नक्षी बरी असा," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी गेटवर जावा." काका "बरं" म्हणाले. संपाच्या सगळ्या दिवसांत त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी काकूंबरोबर मी मासळी आणायला गेले. श्रावण नुकताच संपला होता. महिनाभर खानावळीत मासे नव्हते, त्यामुळे त्या महिन्यात आम्ही बाजाराकडे फिरकलोच नव्हतो. काकू ज्या कोळीण मावशींकडून घेत त्यांची जागा बाजाराच्या मधोमध, उंच ओट्यावर. श्रावणाआधी शेवटच्या फेरीला मी चंदेरी चपला घालून गेले होते. मावशींनी त्या बघून "काय गो बाय, पायान चांदी घातलीस?" म्हणत माझ्या पायातूनच काढून ठेवून घेतल्या होत्या. बदल्यात त्यांच्या स्लिपर मला दिल्या, वर एक मोठा बांगडा. काकूंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता आणि नंतर आम्ही ते सगळं विसरून गेलो होतो.

आता आम्ही आत शिरलो तर मावशी ओट्यावर उभ्या राहून कुणाला तरी पापलेट दाखवत होत्या. कासोटा घातलेलं हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत, खाली उघड्या पोटऱ्या, आणि बरोबर आमच्या डोळ्यांच्या पातळीवर त्यांची पावलं. एका पायात चंदेरी चप्पल, पारदर्शक टाचेत लाल धागे चमकत होते. दुसऱ्या पायात जुनी रबरी स्लिपर.

"मावशी, दुसरी गेली की काय?" मी विचारलं.

"जाते कुठं? ती बघ." त्यांनी सुरीनं पलीकडच्या ओट्याकडे दाखवलं. तिथे त्यांची जाऊ बसली होती. तिनं एक पाय पुढे काढून दाखवला. त्यात दुसरी. "तिला पन पायजे, मला पन पायजे. दोन्ही सारख्याच, मग भांडन कशाला? एक तिनी घातली, एक म्या. सकालच्या काळोखान धक्क्यावर जाताना डावी कनची न उजवी कनची ते पन शोधाया लागत नाय. आनि सरकत नाय मेली, बर्फाच्या पान्यान पन नाय."

"एकेक पायान घालून झाली आता मजा," जाऊ काकूंकडे बघून ओरडली. "आता दुसरी पन दे! तुज्या घोवाला सांग, आमाला दोन-दोन पायजेत!"

पलीकडची एक उठली, तिच्या पलीकडची उठली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणाला चंदेरी हवी, कुणाला मोरपंखी, लुगड्याला जुळणारी. खाली मासे घ्यायला आलेल्या बायका पिशव्या धरून माना वर करून बघत होत्या. ओटा एवढा उंच की चेहऱ्याआधी पाय दिसत. त्यातल्या एकीनं माझा दंड धरला. "तुम्ही बघितल्यात का? कुठल्या दुकानात मिळतात या?"

मी काकूंकडे बघितलं. त्या हसत होत्या. त्यांना हसताना मी पुष्कळदा बघितलं होतं, पण असं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदरानं तोंड पुसत, कधी नाही. एक जोड, दोन बायका, एकेक पाय. हसता हसता त्या म्हणाल्या, "दुकानात नाय मिळत. आमच्या घराक येवा."

घरी आलो तेव्हा काकांनी गिरणीचा खाकी शर्ट धुऊन गॅलरीत वाळत घातला होता. ते स्वतः खाटेवर बसून होते, हाताला काम नसलेल्या माणसासारखे.

काकूंनी मासळीची पिशवी मोरीत ठेवली. गॅलरीत जाऊन तो ओला शर्ट दोरीवरून काढला आणि बादलीत टाकला.

"वाळला नाही अजून," काका म्हणाले.

"नको वाळूक. उद्या जाऊचा नाय."

"काच नाही मिळाली."

"बाजारात मासे काय काचेत ठेवतत?" काकू त्यांच्यासमोर खाली बसल्या. "ऐकलात? कोळणींचे पाय रुंद असतत. अनवाणी चालून चालून पसरलेले. तुमचो मापाचो फर्मो तेंका पुरूचो नाय. नवो करूक व्हयो."

काका खाटेवरून खाली उतरले. मग त्यांनी खाटेखालून चौकटींच्या कागदाची गुंडाळी ओढली आणि जमिनीवर पसरली. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळला जात होता, म्हणून मी एका कडेला गुडघा टेकून बसले.

"किती रुंद?" त्यांनी विचारलं.

काकूंनी क्षणभर विचार केला. मग मासळीच्या वासाचा आपला हात त्या कागदावर ठेवला, बोटं फाकवून. "इतके," म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल घेतली आणि त्या हाताभोवती रेघ ओढायला लागले.